दोन इस्त्र्यांची पेटी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मुलगा झाला. दोन महिने आधीच. दीड किलो. रडला नाही, नुसता कुरकुरला.

दवाखान्यातली बाळांना ऊब देणारी काचेची पेटी कधीच बंद पडलीये, तिच्यात टॉवेल ठेवतात. मोठा दवाखाना समुद्रापलीकडे, कालाबाही शहरात. पण पश्चिमेचा वारा सुटलाय, सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवल्यात. अदोल्फिना सिस्टर म्हणाल्या, "समुद्र शांत होईपर्यंत आपणच आहोत, बाई. छातीशी धरा त्याला." धरलं. पण मला ताप भरलाय, हुडहुडी थांबत नाही. माझ्या थरथरीने तोच हलत होता. नवऱ्याने, सिमसनने, काढून घेतला आणि स्वतःच्या सदऱ्यात ठेवला.

नाव ओबेद. सिमसनने ठरवलं, मी मान हलवली.

१३ फेब्रुवारी

सिमसनने प्लायवूडची पेटी केली, वर खिडकीची काच. ऊब कशाने द्यायची? जुने पिवळे दिवे बेटावर मिळत नाहीत, नवे तापत नाहीत. शेवटी म्हटलं, इस्त्री आण.

इस्त्रीतली कॉइल काढली. शाळेतून मीटर मागवला. २०५ व्होल्ट, १.४८ अँपिअर. भागाकार केला — रोध १३८ ओहम. गुणाकार केला — ३०३ वॅट. काचेखाली हात धरवेना. भाजून निघेल पोर.

चर्चमधली तसलीच इस्त्री आणली. दोन्ही कॉइल एकसर, म्हणजे एकीच्या टोकाला दुसरी, जोडल्या. रोध दुप्पट, प्रवाह निम्मा, शक्तीही निम्मी. दीडशे वॅट. पेटीतल्या तापमापकाचा काटा चौतीस अंशांवर येऊन थांबला. सिस्टर म्हणाल्या, "आता ठेवा." ठेवला. दहा वर्षं हे गणित फळ्यावर लिहितेय. आज पहिल्यांदा तीनदा ताळा करून बघितला.

१४ फेब्रुवारी

दिवेलागणीला व्होल्टेज पडलं. गावात सगळ्यांचे भाताचे विजेचे कुकर आणि टीव्ही एकदमच लागतात. १५० व्होल्ट. पुन्हा मांडलं — जेमतेम ८१ वॅट. काटा घसरत एकोणतीसवर. ओबेदची बोटं निळी.

मग सुचलं. एक कॉइल काढून टाकली. १५० व्होल्टला एकटीच १६२ वॅट देते. काटा हळूहळू चढला.

सिमसनला समजावलं. "दिवसा दोन, संध्याकाळी एक."

"आणि मध्येच व्होल्टेज वाढलं तर?"

"तर एकटी कॉइल तीनशे वॅटवर जाईल."

तो स्टूल घेऊन मीटरसमोर बसला. उठलाच नाही.

१६ फेब्रुवारी

वजन कमी झालं. सिस्टर म्हणतात सुरुवातीला सगळ्यांचं होतं. पण हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

वारा तसाच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज संध्याकाळी सगळा गाव फुटबॉल बघत होता. सामना संपला, टीव्ही बंद झाले आणि मीटर एकदम वर — २००! सिमसनने वायर उपटली. मग दोन्ही कॉइल जोडेपर्यंत ओबेद त्याच्या सदऱ्यात. काही झालं नाही. पण सिमसन उठून बाहेर गेला.

परत येऊन म्हणाला, "लीना, मी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. बिघडलं तर दुसरं आणतात."



१९ फेब्रुवारी

श्वास थांबला होता. सिस्टरनी तळव्याला टिचकी मारली, परत सुरू झाला. दिवसभरात तीनदा. काटा चौतीस, मीटर ठीक. मी पुन्हा पुन्हा तेच आकडे मांडतेय. माझ्या हातात तेवढंच आहे. श्वासाचं मला काही येत नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरी, त्याला जाऊ दे. कशाला तारांनी बांधून ठेवलंयस?" मी दार लावून घेतलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सगळे चर्चला. व्होल्टेज २०५, जराही हललं नाही. इतका चांगला दिवस आला नव्हता. पेटी चौतीसवर स्थिर. सिमसनला म्हटलं, जा, आंघोळ करून ये.

तो यायच्या आधी ओबेद गेला. सिस्टर टिचक्या मारत राहिल्या. मग थांबल्या.

पेटीतून काढला तेव्हा अंग गरम होतं. कितीतरी वेळ गरम होतं.

२३ फेब्रुवारी

पुरला. वारा पडला. होड्या समुद्रात गेल्या.

२ मार्च, सोमवार

शाळेत गेले. नववीला विजेचाच धडा. "बाई, रोध म्हणजे काय?" खडू हातात धरून उभी राहिले. शेवटी मुख्याध्यापक येऊन म्हणाले, "घरी जा बाई, मी घेतो."

माझं गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं. चूक शोधली असती. सगळं पुन्हा तपासलं. कुठेही चूक नाही.

५ मार्च

चर्चची इस्त्री परत करायचीये. सिमसन म्हणाला, "पेटी मोडतो मग." त्याने हातोडी घेतली. थोड्या वेळाने बघितलं तर अंगणात पेटीशेजारी नुसताच बसलेला.

९ मार्च, सोमवार

सिस्टर स्वतः आल्या. डोंगरावरच्या गावातली बाई, मुलगी झालीये, सव्वा किलोची. म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका बाई. फक्त कुठली वायर कुठे ते सिमसनला सांगा."

पेटी आणि मीटर घेऊन मीच गेले. १८७ व्होल्ट. दोन कॉइल, १२६ वॅट. थोडं कमी पडतंय, वर घोंगडी टाकली. काटा चौतीसवर आला.

तिच्या आईला दूध उतरलेलं नाही. मला अजून येतं.