मागच्या पायरीवरची उडी

बुधवार, १४ मार्च २००१. धसई

आमच्या प्रवासी जीपच्या मागून येणारा तो कटाक आवाज गाडी रिकामी असली की येतच नाय. दादा म्हणाला, "मी खाली झोपतो, तू मागच्या पायरीवर उड्या मार. स्प्रिंगचा पाटा वाजतो का शॉकअप, ते ऐकतो."

मारल्या उड्या. कटाक. खालून दादा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "माणसं कोंबून कोंबून तूच मोडलीस गाडी, हरामखोरा!"

माझं डोकं फिरलं. पुढची उडी आवाजासाठी नव्हती. गाडी त्याच्या छातीवर बसावी म्हणून मारली. पाटा तुटला आणि टोकानं त्याचा कान फाडला. वाईट वाटलं का मला? तेव्हा तरी नाय.

दादा सरपटत बाहेर आला. मानेवर रक्त. म्हणाला, "ही बाजू सापडली. दुसरी तू ऐक. जा खाली."

गेलो. नाय म्हणायला तोंड कुठं होतं? तो पायरीवर चढला तशी गाडी दबली. मी डोळे मिटले. दादानं उडी मारलीच नाय. बराच वेळ नुसता उभा राहिला, मग उतरून घरी गेला.

आता पडवीत जेवतोय, कानाला फडकं बांधून. माझं ताट तसंच आहे. ती उडी अजून यायचीय.