बाहेर ऊन, टेबलाखाली हीटर

सोमवार, ३ एप्रिल

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत माझ्या ऊर्जा बचत आराखड्याचे वाभाडे निघाले! ‘शहराची वीज वाचवायला निघालेल्या बाईंच्या मुख्यालयाचं काय?’ — हे नगरसेवक हरकतभाऊ. महापौरांनी ‘बसा’ म्हटलं, तरी यांची त्यालाही हरकत असते. सभागृह हसलं. मीही हसले असते, पण एसीनं दात वाजत होते. बाहेर डांबर वितळतंय आणि मी स्वेटर घालून तापमानवाढीवर बोलतेय!

ठरलं ते असं — महिनाअखेरच्या सभेपर्यंत मुख्यालयाची वीज कमी करून दाखवा. नाही जमलं, तर पथदिवे, पाण्याचे पंप, शाळांची तापलेली छतं, सगळा आराखडा बासनात. माझा ऊर्जा विभागही. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट.

दाखवते.

बुधवार, ५ एप्रिल

आज सगळे मजले फिरले. टेबलाखाली वाकून पाहिलं तर — हीटर! जवळजवळ प्रत्येक टेबलाखाली. आस्थापना विभागाच्या प्रमुखांना आम्ही मफलर म्हणतो. बारा महिने तो गळ्यात असतो. ते पाय शेकत म्हणाले, ‘वरून बर्फ पडतो, आम्ही खालून शेकतो. चालायचंच.’

म्हणजे एसी गार करणार, हीटर ते गरम करणार, मग एसी आणखी जोर लावणार. गाडी पळवायची आणि ब्रेकही दाबून धरायचा!

‘मग एसी अठराच्या वर का नेत नाही?’

‘साहेबांना थंड हवं असतं.’

‘कोण म्हणालं?’

‘कोण म्हणालं काय! सगळ्यांना माहीत आहे.’

गुरुवार, ६ एप्रिल

आणखी चार खात्यांत विचारलं. साहेबांना थंड हवं, हे सगळ्यांना ठाऊक. साहेबांना विचारलंय का, हे कुणालाच नाही.

नवरा म्हणाला, ‘अगं, आयुक्तांच्या एसीला हात लावणार तू?’

‘तुझ्या हातातला रिमोट घेते की नाही?’

त्यानं रिमोट मांडीखाली सरकवला.

मंगळवार, ११ एप्रिल

अखेर आयुक्तांची वेळ मिळाली. काय बोलायचं ते लिफ्टमध्ये दोनदा घोकलं.

साहेबांनी कोटाची सगळी बटणं लावलेली. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरलेला, पिण्यापेक्षा शेकायलाच जास्त. पायाला ऊब लागली. पेन मुद्दाम पाडलं, वाकले. हीटर! आमच्यापेक्षा मोठा, पदाला शोभेलसा.

‘साहेब, एसी पंचवीसवर न्यायचाय.’

‘न्या की! पण स्टाफला चालेल? मी आलो तेव्हाच मला सांगितलं, इथल्या लोकांना थंडच लागतं. म्हटलं, नव्या माणसानं उगाच नाराजी कशाला ओढवून घ्यायची.’

हसू आवरताना खोकला काढावा लागला. थंडी मागच्या साहेबांची, की त्यांच्याही मागच्यांची, देव जाणे. साहेब बदलून गेले, थंडी मात्र नोकरीत कायम झाली.

बुधवार, १२ एप्रिल

एसी पंचवीसवर. हीटर जमा. मफलरनी आपला दिला तो मांडीवरचं मांजर हिसकावल्यासारखं तोंड करून. रंगानं चिकटलेल्या खिडक्या सुताराकडून सोडवल्या. व्हरांड्यातले दिवे दिवसा बंद. तिथं सूर्य फुकट येतो, हे सांगायला परिपत्रक काढावं लागलं!

सोमवार, १७ एप्रिल

मफलर आज मफलरशिवाय आले. त्यांना मान आहे.

गुरुवार, २७ एप्रिल

मुख्यालयाची वीज तिसऱ्या हिश्श्यानं उतरली. सभेत आकडे वाचले. टाळ्या!

मग हरकतभाऊ उठले. ‘बाईंचं अभिनंदन! नुसतं बटण फिरवून एवढी वीज वाचते, तर मग आराखडा कशाला? आणि विभाग तरी कशाला?’

पुन्हा टाळ्या. तीच माणसं, तेच हात.

आराखडा बासनात. मे संपला की विभाग बंद. साहेब जिन्यात भेटले, म्हणाले, ‘वाईट वाटून घेऊ नका, आता ऑफिसात किती छान वाटतं.’ हो, वाटतं ना. हरण्यासाठी हवा अगदी प्रसन्न होती.

घरी येऊन स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. नवरा लांबूनच बघत होता. शेवटी म्हणाला, ‘आता?’

‘आता मे आहे,’ म्हटलं. ‘अख्खा.’

शुक्रवार, २८ एप्रिल

सकाळीच फोन. पाणीपुरवठ्याचे अभियंते! शहरात सगळ्यात जास्त वीज खाणारं खातं. आजवर त्यांनी मला दारातही उभं केलं नव्हतं. आवाज अगदी खालचा — ‘ताई, मुख्यालयाचं कळलं. आमचे पंप पूर्ण जोरात चालतात आणि त्यांच्या पुढची झडप कायम अर्धी बंद. तिला कुणी हात लावत नाही.’

‘का?’

‘साहेबांनी सांगितलंय म्हणे.’

‘कोणत्या साहेबांनी?’

‘तेच तर कुणी विचारलं नाही, ताई. तुम्ही या ना.’

डबा विसरून निघाले.