काळ्या रंगाखालचं लोखंड

प्रिय आइलिफ,

इस्पितळातला फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मागच्या खेपेला उचललास तेव्हा म्हणालास, "गुडनी, सोड आता. मला डुलकीच लागली असणार. पुढच्या आठवड्यात वकिलाला सांगून टाकतो, कबूल आहे म्हणून." आणि ठेवून दिलास. त्यावर मी तुला ज्या शिव्या घातल्या त्या गॅरेजमध्ये माझ्या हाताखालच्या एकट्या पेडरने ऐकल्या. अरे गाढवा, डिसेंबरपासून तू सगळ्यांना एकच सांगत होतास: डॅशबोर्डवरचे काटे पडले, दिवे गेले, गिअर आपोआप खाली आला, हिसका बसला आणि मागची चाकं बर्फावर सुटली. लोकांनी उठताबसता झोप-झोप म्हटलं, म्हणून आता तूही झोप म्हणायला लागलास? हे पत्र पुरं वाचल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. तुला माझी शपथ आहे.

इकडे कॉड आलाय, आणि भरपूर आलाय. मांडवांवर मासे वाळत घातलेत, सगळ्या गावाला वास सुटलाय. तुझ्या मारेनच्या थडग्यावरचं बर्फ मी दर रविवारी काढते. तिची आई रोज मेणबत्ती लावून जाते. परवा दुकानात समोर आली नि मला बघून पावाच्या फळीकडे तोंड फिरवलं. मला राग नाही आला. तिची पोर शेजारच्या सीटवर होती आणि चाक तुझ्या हातात होतं, तिला याच्यापुढचं काही दिसत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तुला झोपाळूच म्हटलं असतं.

ट्रक माझ्याकडे आहे. पोलिसांनी तपासून परत दिला. उजवी बाजू, मारेन बसली होती ती, पार चेपलीय, पण इंजिन धडधाकट. तपासणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. उबदार, कोरड्या जागेत त्यांनी संगणक लावला, ट्रक सुरू केला, सगळं ठीक. हा असला येऊन-जाऊन होणारा बिघाड म्हणजे दातदुखी, डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की थांबते. मीही काही दिवे लावले नाहीत. आधी बॅटरी बदलली. मग गिअरबॉक्सच्या मागे लागले, तेल काढलं, सेन्सर बदलले, एकेक वायर ओढून पाहिली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. शेवटी पेडर म्हणाला, "त्या गिअरबॉक्सला किती छळशील, बाई? त्याला वीजच अर्धपोटी मिळत असेल तर तो कुठल्या तोंडाने काम करेल?" पेडर कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलला. तो स्वतःही चकित झाला.

बाबा रोज सकाळी गॅरेजवर येतात. तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तू खरं बोलतोयस असं म्हणणारा या बेटावर पहिल्या दिवसापासून एकच माणूस होता. मी नव्हे, मी मनातून डळमळले होते. बाबा. "माझा आइलिफ लबाड नाही. सांगतोय ना दिवे गेले, मग गेले." धक्क्यावर कुणी तरी हसला, तर या वयात त्याची कॉलर धरली म्हातारबानं. मारेन गेल्यापासून त्यांनी पत्त्यांना हात लावलेला नाही. ती पत्ते चोरायची आणि ते बघून न बघितल्यासारखं करायचे, आठवतं ना? तिच्यासारखं कॉडचं कलेजं आता कुणाला जमत नाही म्हणतात. मी करते ते मुकाट्याने गिळतात. आत आले की टोपी काढायच्या आधी विचारायचं, "सापडलं का गं?" माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाई होती.

मंगळवारी आम्ही ट्रक ओढून बाहेर आणला. खारं पाणी खालून मारलं, गारठू दिला. दिवे, हीटर, वायपर, जे जे वीज खातं ते सगळं चालू केलं. पेडर मागच्या हौद्यात चढून थयथया नाचायला लागला, म्हणजे रस्त्याचे धक्के झाले. बाबांना मी वीज मोजायचा मीटर हातात देऊन आत बसवलं. तुला हे कळेल असं सांगते. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि सांगाड्याच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येते. परतीची ती वाट म्हणजे खालची जाडजूड अर्थिंगची पट्टी, एका बोल्टवर कसलेली. वाट मोकळी असली तर मीटर जवळपास शून्य दाखवतो, अडली की आकडा चढतो. मी खाली झोपले होते, बाबा वरून ओरडून आकडे सांगत होते. "शून्य. शून्य. शून्यच आहे, पोरी." पेडर नाचतोय. "शून्य." आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला, "चार! अगं चार! काटे पडले बघ, काटे पडले!" दिवे विझले, परत लागले, गिअरबॉक्सने खाडकन आवाज केला. अगदी तू सांगितलंस तसं. बाबा खाली उतरून रडत होते आणि पेडरला मिठ्या मारत होते. "बघितलंस? लबाड नाही माझा पोरगा!" मीही रडले, लाज कसली त्यात.

मग मी तो बोल्ट खोलला. त्यांच्यासमोरच. फोटो काढता यावेत म्हणून त्यांनीच टॉर्च धरला होता. पट्टी बाजूला झाली आणि खाली काळा रंग, गुळगुळीत, चकचकीत, दोन हात दिलेला. सांगाड्यावरही आणि पट्टीच्या पोटालाही. रंगातून वीज जात नाही, आइलिफ. लोखंड लोखंडाला लागतच नव्हतं. बोल्टच्या आट्यांतून काय जाईल तेवढ्यावर ट्रक चालला होता, आणि हिवाळा लागल्यावर मिठाने ते आटेही खाल्ले.

इथे प्रत्येक घर हिवाळ्यापूर्वी गाडीचं पोट घासून रंगवतं. उघडं लोखंड ठेवणारा माणूस आळशी, असं आपण ऐकत वाढलो. दुसरे लोक पट्टीच्या भोवतीने कुंचला फिरवतात. पण बाबांना अर्धवट काम कधी खपलंय? टॉर्चचा उजेड पट्टीवरून जमिनीवर उतरला. मी म्हटलं, "बाबा, हात दुखला असेल, द्या इकडे." ते म्हणाले, "हा रंग माझा आहे. शरद ऋतूत मारला. पट्टीखाली गंज धरू नये म्हणून ती काढून आत मारला." एवढंच. मग घरी गेले. थोड्या वेळाने चर्चला घालायचा कोट घालून परत आले आणि म्हणाले, पोलिसांकडे ने. मी म्हटलं, फोटो आहेत, मीटर आहे, पेडर साक्षीला आहे, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "लोखंडाचा फोटो दिसेल, पण कुणी रंगवलं ते त्यात दिसणार नाही. मग लोक म्हणतील आइलिफनेच रंगवलं." त्यांनी सगळं सांगितलं, सही केली. तुझ्या वकिलालाही कळवलंय. तू झोपला नव्हतास. ऐकतोयस ना? तू जागा होतास, आणि तू तिला वाचवायला चाक फिरवलं होतंस.

मला त्यांचा राग येतो आणि जेवताना त्यांचा काटा हातातून निसटला की जीव तुटतो. दोन्ही एकाच ताटावर. तुझं काय होईल ते मला कळत नाही, आणि तुला समजावण्याचा आव मी आणणार नाही. तुझी बायको गेली आहे. हे पत्र मी लिहितेय ते त्यांच्या सांगण्यावरून. माफी माग असं त्यांनी सांगितलेलं नाही, उलट तो शब्द लिहू नकोस म्हणाले. एकच विचारायला सांगितलंय: शुक्रवारी तू इस्पितळातून घरी येशील, तेव्हा त्यांनी घरात असलेलं तुला चालेल का? हो असेल तर एका शब्दात कळव, फोन नको असेल तर पेडरच्या हाती निरोप धाड. काही आलं नाही तर तुझं उत्तर 'नाही' आहे असं ते धरणार आहेत. दक्षिणेला आत्याकडे जायचं तिकीट त्यांनी काढून आणलंय, शुक्रवारच्याच बोटीचं. बोटीच्या ज्या फळीवरून तू धक्क्यावर उतरशील तिच्यावरूनच ते वर चढतील, आणि तुझ्याकडे बघणार नाहीत, असं त्यांनी मला कबूल केलंय.

तुझीच,
गुडनी