हिरवं रॅपर

३ फेब्रुवारी

समिती झाली! पर्यावरणपूरक कागद निवड समिती. अध्यक्ष साहेब, सदस्य लेखापाल बाई, आणि राबायला मी—स्टोअर माझ्याकडे ना! पहिल्या बैठकीचा विषय, कागद कमी कसा वापरायचा. त्यावर साहेबांचं लांबलचक टिपण. सगळ्यांना एकेक प्रत, फायलीला एक, वरच्या ऑफिसला एक, शिवाय "असू द्या एखादी जास्तीची". मी म्हटलं, पाठपोट छापू या का? साहेब दचकलेच. "अहो, महत्त्वाचा मजकूर आहे, पाठीमागे कसा छापायचा?"

निघताना मात्र हळूच म्हणाले, "हरित कार्यालयाचं प्रमाणपत्र मिळवून द्या, तुमच्या बदलीच्या अर्जावर डोळे झाकून सही करतो."

डोळे झाकून कर, उघडे ठेवून कर, पण कर रे बाबा! आई तिकडे एकटी. दादा परदेशात बसून फोनवर सल्ले देतो. गेल्या आठवड्यात तिने दूध गॅसवर ठेवलं आणि फिरायला गेली. शेजारच्या काकूंना करपल्याचा वास आला म्हणून निभावलं. मला तिच्याजवळ जायचंय. झाडांचं काय ते साहेब बघतील.

१० फेब्रुवारी

नमुने आले. रद्दीपासून बनवलेला कागद. बाईंनी हुंगून बघितला. "कसलातरी वास येतो." साहेबांनी उजेडात धरला. "पर्यावरणपूरक हवाच, पण पांढराशुभ्र हवा. रद्दीसारखा दिसता कामा नये."

एक नमुना खरंच पांढरा होता. तो बाईंना दिला. म्हणाल्या, "दिसतो चांगला. पण मन घेत नाही."

१७ फेब्रुवारी

आपला नेहमीचा कागदवाला आला. हिरवंगार रॅपर, त्यावर झरा, झऱ्याकाठी हरीण. आत शुभ्र कागद. साहेब खूश. "बघा! मनात आणलं तर होतं!"

जिन्यात गाठून विचारलं, खरं सांगा, हा कुठला? तो म्हणाला, "ताई, तुमच्यापासून काय लपवायचं? कागद नेहमीचाच. रॅपर मात्र शंभर टक्के पर्यावरणपूरक!"

साहेबांना सांगितलं. त्यांनी रॅपर उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "कागद परत करा. रॅपर तेवढी मागून घ्या. हरीण छान आलंय."

२४ फेब्रुवारी

खरा कागद आला, तो पांढरा नमुना होता तोच. मिलच्या खाकी रॅपरवर ठळक अक्षरात "रद्दीपासून". आणि काय तमाशा! बाई दारातूनच शिंकायला लागल्या. टंकलेखकाच्या हाताला खाज सुटली. मशीनमध्ये कागद अडकला—ते मशीन आहे तेव्हापासून कागद अडकवतंय, पण आज खापर नव्या कागदावर! साहेब म्हणाले, "लोकांच्या तब्येतीशी खेळ नको. परत पाठवा."

परत पाठवला की प्रमाणपत्र गेलं. प्रमाणपत्र गेलं की बदली गेली. घरी येऊन भाजीवर राग काढला. बोटच कापून घेतलं.

१ मार्च

एक गंमत सुचली आहे. उद्या रविवार, ऑफिस बंद. किल्ली माझ्याकडे!

३ मार्च

गठ्ठ्यांची खाकी रॅपर काढली, आपली जुनी पांढरी चढवली. बस्स. एवढंच.

सकाळी बाईंनी कागदावरून हात फिरवला. "आला की नाही आपला जुना कागद! याला म्हणतात गुळगुळीत." शिंक नाही, खाज नाही. मशीनमध्ये अडकला, पण कुणी चकार शब्द काढला नाही. साहेब म्हणाले, "शेवटी क्वालिटी ती क्वालिटी."

स्टोअरचं दार लावून पोट दुखेपर्यंत हसले. असं हसले कधी होते, आठवत नाही.

९ मार्च

आईकडे जाऊन आले. भाजीत दोनदा मीठ. गिळली. "आई, मीठ जरा—" म्हटलं तर फणकारली, "मला काय धाड भरलीये?" मग स्वतःचं ताट हळूच बाजूला सरकवलं.

बदलीचं किती वेळा विचारलं! मी दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. निघताना माझ्या पर्सची चेन लावून दिली, लहानपणी दप्तराची लावायची तशी. पाय निघेना.

२ एप्रिल

तपासणी येत्या आठवड्यात! साहेब स्टोअरमध्ये आले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय? सगळा जुनाच कागद?"

सांगून टाकलं. साहेब खुर्चीत बसले. "म्हणजे महिनाभर मी रद्दीवर सह्या करतोय?"

हो, म्हटलं.

"तरीच! मला पहिल्या दिवसापासून जरा खरखरीत लागत होता."

मग अख्खं ऑफिस कामाला. पांढरी रॅपर काढा, हरणाची चढवा. बाईंच्या हाताला डिंक. रॅपर चढलं तशा त्या पुन्हा शिंकायला लागल्या!

९ एप्रिल

तपासणीस बाई आल्या. एकही गठ्ठा फोडला नाही. हरणाकडे बघून "वा!" म्हणाल्या, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. मी मिलचा खरा दाखला पुढे केला, तर म्हणे, "ते नंतर मेलवर पाठवा."

पास झालो. खरा कागद, खोटं रॅपर, आणि शाबासकी रॅपरला.

२१ एप्रिल

प्रमाणपत्र आलं. जाडजूड कार्ड, वर चकचकीत प्लास्टिक, प्लास्टिकची चौकट. साहेबांनी भिंतीवर लावलं, टाळ्या वाजवल्या.

अर्ज पुढे केला. साहेब गोड हसले. "आता तुम्हाला कसं सोडू? दरवर्षी तपासणी असते. तुम्ही म्हणजे या योजनेचा कणा!"

कणा! बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने, नुसत्या रागाने.

५ मे

काकूंचा फोन. आई बसस्टॉपवर उभी होती, भर उन्हात, पायात चपला नाहीत. "शाळा सुटेल आता, पोरगी यायची आहे," म्हणत होती. काकूंनी गोड बोलून घरी आणली. मग मी आईशी फोनवर बोलले. एकदम व्यवस्थित! "अगं, पाय मोकळे करायला गेले होते. काकू म्हणजे ना, राईचा पर्वत करतात."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दादाला कळवलं. म्हणाला, "तिला शब्दकोडी सोडवायला दे."

६ मे

तडक केबिनमध्ये.

"साहेब, तपासणीस बाईंना पत्र लिहीन म्हणते. रॅपरची सगळी हकीकत. डिंकासकट."

"अहो, काय बोलताय! कागद तर खराच आहे ना?"

"मग लिहायला हरकत काय?"

साहेब भिंतीवरच्या चौकटीकडे बघत बसले. मग पेन उघडलं. अर्जावर शिफारस, सही, शिक्का. वरच्या ऑफिसला स्वतः फोन. मला तर म्हणाले, "आईची काळजी घ्या." मेल्याच्या जिवावर आलं होतं, तरी म्हणाला.

जिना उतरताना गाणं म्हणत होते म्हणे मी. बाईंनी ऐकलं.

१९ मे

हुकूम हातात! तिथूनच आईला फोन लावला. म्हटलं, आई, मी येतेय, आता कायमची.

"या ना," ती म्हणाली. "पण माझी मुलगी यायची आहे हो राहायला. ती आली की तिला विचारून सांगते तुम्हाला."