ते औषध मी दिलं नाही

प्रिय बुटके,

फाडण्याआधी एकदा वाचशील, एवढ्याच आशेवर लिहिते आहे. आईचा गुडघा आता बरा आहे. तुझ्या अबोल्याचं खापर ती माझ्यावरच फोडते, आणि मी फोडू देते.

परवा डबा उघडला तर पावाला बुरशी. भावजी आठवले. पोहायला शिकवणारा माणूस, चारचौघांत मला चिडवायचा, "ताई, बुरशी लागली की आम्ही पाव फेकतो. तुम्ही बुरशी मारून पाव वाचवायला बसलात!" मी हसण्यावारी नेलं, पण बुरशीवरचं औषध शोधण्याच्या आमच्या कामाची सगळी गोम त्यातच होती. बुरशीची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखी. तिला मारायला जावं तर माणूसच दुखावतो.

मग पायाच्या ऑपरेशननंतर तसलीच चिवट बुरशी त्यांच्या रक्तात शिरली. एकामागून एक औषधं हरली. तू प्रयोगशाळेच्या दारात आलीस, पायांत दोन वेगळ्या चपला. म्हणालीस, "फ्रिजमध्ये आहे ना तुझं औषध? मग दे." मी नाही म्हटलं. त्या औषधाने आमच्या उंदरांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि भावजींची तर आधीच थकलेली. "तू बहीण नाहीस, कुलूप आहेस," म्हणालीस. भावजी गेल्यावर मला दारातूनच परत पाठवलंस.

पुढे कंपनीनेही काम गुंडाळलं. साहेब म्हणाले, "औषध चांगलं निघालं तरी डॉक्टर ते अडीनडीला राखून ठेवणार. मग विकायचं कुणाला?" बाकीचे केस उगवण्याच्या औषधाकडे गेले. मी आणि एक म्हातारा सहकारी कॉलेजच्या मागच्या खोलीत त्याच औषधाची घडण थोडी थोडी बदलत बसलो.

या आठवड्यात उंदीर जगले. मूत्रपिंडं धडधाकट. म्हातारा खोलीभर नाचला. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माणसांवरच्या चाचण्या अजून बाकी आहेत, तिथेही सगळं आपटू शकतं.

कॉलेजवाले हे पेपरात देणार आहेत. तुला परक्याकडून कळू नये म्हणून हे पत्र. आणि एक गोष्ट पेपरात येणार नाही. ज्या बुरशीवर ते औषध चाललं, ती हॉस्पिटलने आमच्याकडे तपासायला पाठवलेली, भावजींच्या रक्तातलीच. तू विचारशील, मग तेव्हा का नाही? त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे गं. ते तुझ्या काहीच कामाचं नाही.

तुझीच, तू म्हणशील ती,
ताई