ऋताची झबली

प्रिय तेजू,

सातवा लागला ना गं? वांगणीला ऊन भलतंच चढतं, दुपारची शेताकडे फिरकू नकोस. सासूबाई ऐकणार नाहीत, पण त्यांना माझं नाव सांग. हॉस्पिटलच्या बाकड्यावर त्या डबा उघडून आधी मला वाढायच्या आणि मग माझ्याच भाजीला नावं ठेवायच्या, आठवतं? त्या दिवसांत पोटभर जेवले असेन तर ती त्यांच्यामुळे.

तुझा मेसेज येऊन महिना होत आला. तू लिहिलं होतंस, ताई, ऋताची जुनी झबली दे ना, बाळाला पहिलं तिचंच घालीन, म्हणजे ते पण तसंच टणटणीत होईल. लगेच पाठवते म्हणाले आणि गप्प बसले. बेलवलीहून वांगणी काय लांब आहे? तुला वाटलं असेल, तुझा सोहम गेला म्हणून ही बाई आपल्या लेकीचे कपडे द्यायला कचरते. तेजू, तसं माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं.

आपल्या दोघींची बाळं एकाच आठवड्यात ऑपरेशनला गेली. दोघांच्या हृदयात जन्मतःच दोष, दोघांना तसलीच इवलीशी नळी बसवली. सोहमची घरी गेल्यावर बंद पडली, ऋताची चालली. यात तुझं काही चुकलं नव्हतं आणि माझी काही कर्तबगारी नव्हती. तरी मला आजवर चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून तू फोनवर विचारलंस की मी हसून सांगायचे, मस्त आहे, घर डोक्यावर घेते. तुझं मूल गेलेलं, तुझ्यापुढे माझ्या लेकीचं रडगाणं कोणत्या तोंडाने गायचं? तिचे ओठ पुन्हा निळे पडतात, चार पावलं चालली की उकिडवी बसून धापा टाकते, हे तुला कधी बोललेच नाही. नळी म्हणजे नुसता टेकू, मूल वाढतं पण नळी वाढत नाही, असं डॉक्टरांनी आपल्याला एकत्र बसवूनच सांगितलं होतं. मला ते रोज आठवायचं. तुला लक्षात ठेवायचं कारणच उरलं नाही.

येत्या गुरुवारी ऋताचं दुसरं ऑपरेशन आहे, मोठं. झबली धुऊन, घडी घालून ठेवली आहेत. अनीश म्हणतो, बायको, आधी लेक घरी येऊ दे, मग दे. शकुनाची वस्तू आहे. त्याचं बरोबरच आहे. पण मला गुरुवारच्या आधीच विचारायचंय, नंतर माझ्याने विचारवणार नाही. टणटणीत मुलीची म्हणून नको, आहे तशा ऋताची म्हणून तुला ती चालतील का? नाही म्हणालीस तर मुळीच रागावणार नाही, तुझ्या जागी मीही घाबरले असते. पण तेजू, ती घरी परत आली नाही, तरी तुझ्या बाळाला घालशील?

तुझीच,
मीनलताई