आयरिसचे कंद वाचले!

ड्रेस्डेन, मार्चमधला रविवार

सुटले एकदाची! जानेवारीपासून जिवाला घोर होता.

शेजारच्या फ्राऊ लांगे वृद्धाश्रमात गेल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं लावलेल्या आयरिसच्या फुलझाडांचे कंद मला देऊन गेल्या. नवरा आता नाही, कंद तेवढे उरलेत. ‘वरची बाजू उघडी ठेव, थंडीला ते घाबरत नाहीत,’ म्हणाल्या होत्या, तसेच मी ते अंगणात लावले. आणि मी ऑफिसला गेल्यावर सासूबाईंनी कंदांवर वीतभर माती लोटली!

“उघडे पडले होते गं बिचारे.”

मला कळेपर्यंत जमीन दगडासारखी गोठली होती. मायेनं केलेलं, त्यांना काय बोलणार? पण गाडले की कंद कुजतात, हे डोक्यातून जाईना. माझा चेहरा पाहून त्यांना कळलंच असणार. त्यांचंही बोलणं कमी झालं.

आज माती मोकळी झाली, हातानंच उकरली. पहिला कंद लिबलिबीत, घाण वास. रडूच आलं. दुसरा टणक. तिसराही टणक, वर हिरवा कोंब! बाकीचे सगळे टणक.

सासूबाई मागेच उभ्या होत्या.

“माझ्यामुळे गेला ना एक?”

“अहो आई, बाकीचे बघा तरी!”

त्यांनी एकेक कंद दाबून पाहिला.

संध्याकाळी फ्राऊ लांगेंना फोन करून सगळं सांगितलं. त्या हसतच सुटल्या. “लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मीही गाडले होते. आमचे तर सगळेच कुजले! तुला दिलेले ह्यांनी नंतर नव्यानं लावलेले.”

मी आईंना मराठीत सांगितलं. किती दिवसांनी हसल्या त्या!